चालत्या कण्या

परवापासून आमच्या गल्लीत टँकर यायला लागला आहे. तो वळणावर असतानाच मागची साखळी वाजायला लागते. मग गरम रबरी पाइपचा वास, ओल्या मातीचा नव्हे, ओल्या सिमेंटचा वास, आणि बायकांचे एकमेकींना हाका मारायचे आवाज. अंबाजोगाईत इतकी वर्षं राहून मी बऱ्यापैकी शहरी झाले आहे, निदान असं मला वाटतं. पण साखळी वाजली की हातातला खडू असो की लाटणं, मी ते ठेवून आधी बादली शोधते. माझ्या मुलाला याचं फार हसू येतं.

दुष्काळ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे भेगाळलेली जमीन येते. माझ्या डोळ्यांपुढे काळाभोर अंधार येतो, ताटाएवढा गोल, आणि त्यातून एका ओळीत सरकत जाणाऱ्या बारीक पांढऱ्या कण्या. तांदळाच्या कण्या असतात ना, अगदी तशा. फक्त चालणाऱ्या. सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही, म्हणून म्हटलं, टँकर आलाच आहे तर एकदा नीट लिहून काढावं.

केजच्या पलीकडे एक सहकारी साखर कारखाना होता. माझे वडील, अण्णा, तिथे प्रयोगशाळेत केमिस्ट होते. माझं सगळं लहानपण त्या कारखान्याच्या कॉलनीत गेलं. कार्तिकात उसाची पहिली मोळी पडायची, की आमचं वर्ष सुरू व्हायचं. शाळेचं जूनमध्ये सुरू होणारं वर्ष आम्ही फारसं मनावर घेत नसू. मळीचा आंबूस, जड वास अंथरुणापांघरुणात भिनलेला असायचा. पाहुणे नाकाला पदर लावायचे आणि आम्हाला कळायचं नाही की यांना झालंय काय.

मी विद्यापीठात संशोधन करत होते, त्या दुष्काळी वर्षी मोळी पडलीच नाही. ऊस नव्हताच, तर गाळणार काय? चिमणी नुसती उभी होती. मी चैत्राच्या तोंडाशी घरी आले आणि दारात पाऊल ठेवताच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. घर तेच, आई तीच, भिंतीवरचं घड्याळसुद्धा नेहमीप्रमाणे दहा मिनिटं पुढे. मग लक्षात आलं, वास नाही. आपल्या घराला वास होता हे तो गेल्यावर कळावं, याचं मला वाईट वाटलं.

मी आले होते ती सुट्टीला नव्हे. विद्यापीठाच्या वसतिगृहाचं पाणी संपलं होतं, मुलींना घरी जायला सांगितलं होतं, आणि माझं संशोधन ऐन अडचणीत होतं. माझा विषय द्रवस्फटिकांचा. नाव भारी आहे, वस्तू रोजची आहे. मोबाइलच्या, टीव्हीच्या पडद्यात तेच असतं. पाण्यासारखं वाहतं, पण त्यातले रेणू शेतातल्या ज्वारीच्या ताटांसारखे एका दिशेला तोंड करून उभे असतात. दोन काचांमध्ये केसाच्या आठव्या हिश्शाएवढी फट ठेवायची, त्यात हा द्रव भरायचा आणि काचांना विजेचा दाब द्यायचा. तो दाब नेमका जमला, तर त्या द्रवात जागोजाग छोटी छोटी वेटोळी उठतात आणि चालू लागतात. पसरत नाहीत, विरत नाहीत. आकार जसाच्या तसा ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात. समोरून दुसरं आलं तर त्याच्यातून आरपार जातात आणि पलीकडे पुन्हा होती तशीच. परदेशातल्या लोकांनी ती पाहिली होती. मला ती दिसत नव्हती. अडीच वर्षं मी ती पाहायला बसले होते आणि दिसत नव्हती.

निघताना आमच्या गाईड मॅडमनी स्पष्टच सांगितलं. आषाढात तू परत येशील तेव्हा ती चालताना मला दाखव. नाही जमलं तर विषय सोडून द्यायचा, कारण मुदत पुढे वाढणार नाही. विषय सोडणं म्हणजे सगळंच सोडणं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आमच्या भावकीतली इतकं शिकलेली मी पहिलीच. परत येऊन काय सांगायचं होतं मी, की काचेत काहीतरी दिसायला हवं होतं, ते दिसलं नाही?

म्हणून बाडबिस्तरा घेऊन आले. लेप दिलेल्या काचांची पेटी, मखमलीचा तुकडा, उजेडाला एकाच दिशेनं जाऊ देणारे पोलरायझरचे दोन चौकोन, वीज कमीजास्त करायची दोन यंत्रं, द्रवस्फटिकाची करंगळीएवढी बाटली, आणि पाच लिटरच्या डब्यात ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफ थंड करून मिळवलेलं, पाणी. या पाण्याचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. काचेवरचा लेप मखमलीनं एकाच दिशेनं घासायचा असतो, म्हणजे रेणूंना कुठे तोंड करायचं ते कळतं. घासलं की बारीक कोंडा उडतो. तो शेवटच्या पाण्यानं धुऊन काढायचा. ते पाणी इतकं निर्मळ हवं की सुकल्यावर काचेवर मागे काही म्हणता काही राहू नये. कारखान्यात तसं पाणी तयार करायची भट्टी होती, पण तिची वाफ थंड करायला नळाची अखंड धार लागते. त्या वर्षी धार हा शब्दच कोणी काढत नव्हतं. काचा मी घरीच धुऊन नेत असे, म्हणून तो डबा आमच्या बाजेखाली असायचा.

अण्णांच्या प्रयोगशाळेत काम करायचं तर चेअरमनसाहेबांची परवानगी हवी होती. साहेबांनी अण्णांना विचारलं, यानं साखरेचा उतारा वाढंल का? अण्णा खोटं बोलत नाहीत, हा त्यांचा मोठा दोष आहे. ते नाही म्हणाले. मग वीज किती लागेल? एका बल्बाएवढी. साहेब थोडा वेळ चिमणीकडे बघत राहिले आणि म्हणाले, पोरगी सभासदाची नात हाय, बसू द्या. आजोबांनी कारखाना उभा राहताना शेअर घेतला होता, त्यावर आम्हाला दरवर्षी दिवाळीला साखर मिळायची. त्या दिवाळीला मिळाली नव्हती. त्याबदल्यात मला ही खोली मिळाली असं मी धरून चालले.

कारखाना बंद असला तरी अण्णा रोज आठाला इस्त्रीचा शर्ट घालून कामावर जात. तिथे एकच काम उरलं होतं, पोलारिमीटर पुसायचं. रसात साखर किती हे ज्यानं मोजतात ते हे लांबट यंत्र. मी सहा-सात वर्षांची असताना अण्णा मला स्टुलावर उभं करून त्यात डोळा लावायला सांगत. आत एक गोल, अर्धा उजळ, अर्धा काळा. चकती फिरवायची. दोन्ही अर्धुकं सारखी झाली की थांबायचं आणि आकडा वाचायचा. साखर उजेडाला वळवते, अण्णा सांगत, किती वळवला ते बघितलं की किती गोड ते कळतं. जिभेला न लावता गोडी कळते याचं मला तेव्हा फार नवल वाटे. पुढे विद्यापीठात मला पोलरायझर समजावून सांगायला लागले तेव्हा मला मनात हसू येत होतं. तो मला अण्णांनी स्टुलावरच दिला होता.

तर साखरेचे दाणे बघायचा मायक्रोस्कोप मी घेतला, त्याच्या वरखाली पोलरायझर बसवले, एकमेकांना आडवे. आता मध्ये काही नसेल तर नुसता काळोख. मध्ये कुठे रेणू वाकला, तर तेवढाच उजेड. भारनियमन दुपारी सुरू होई, त्यामुळे सकाळी दहापासून दीडपर्यंत माझी वीज. मी दाब वाढवायची, कमी करायची, पुन्हा वाढवायची. काळोख. फार वाढवला की सगळीकडे एकदम खळबळ उडून पट्टेच पट्टे. मधलं काही नाही. दीड वाजता पंखा थांबे, अण्णा मान वर करून बघत, मी मान हलवे, आणि आम्ही दोघं सायकल ढकलत घरी जेवायला जात असू. वाटेत ते काही विचारत नसत. एकदा मात्र म्हणाले, "काळं दिसतंय ते बी बघणंच हाय." मला तेव्हा ते पटलं नव्हतं. आता कॉलेजात माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच सांगते, फक्त पुस्तकी भाषेत.

कॉलनीत टँकर दिवसाआड यायचा आणि विहिरीत रिकामा व्हायचा. मग विहिरीपासून चाळीपर्यंत बायका रांग धरून उभ्या राहत. घागर हातोहात पुढे जाई, रिकामी हातोहात मागे येई. पाणी घरात आलं की त्याचा वापर ठरलेला. तांदूळ धुतलेलं भांड्यांना, भांड्यांचं फरशीला, फरशीचं दारच्या कडुनिंबाला. आणि एक रीत होती, तिच्याबद्दल आई फार कडक होती. उसनं पाणी. कोणाकडे अचानक पाहुणा आला, कोणाचा नंबर चुकला, तर शेजारणीकडून घागर उसनी घ्यायची. नाही म्हणायचं नाही. पण आपला टँकर आला की आधी ती घागर परत भरायची, मग आपल्या घरात पाणी. जितकं घेतलं तितकं, तोंडापर्यंत. पीठ, साखर यांच्या उसनवारीचा आईला विसर पडायचा, पाण्याचा कधी नाही. पाणी कोणत्या विहिरीचं, कोणत्या टँकरचं, हे कोणी विचारत नसे. पाणी परत आलं की झालं.

वैशाखात सुनीताताई आली. माझी मावसबहीण, घाटनांदूरकडची; नवरा-बायको दोघं दरवर्षी ऊस तोडायला लांब जात. त्या साली तिकडचाही ऊस लवकर संपला आणि टोळी माघारी आली. वाटेत तिची आठ महिन्यांची पोरगी जुलाबानं पडली, म्हणून ती कॉलनीजवळ ट्रकमधून उतरली आणि थेट आमच्या दारात. केजच्या दवाखान्यात नेऊन आणली. डॉक्टरांनी पुड्या दिल्या आणि सांगितलं, स्वच्छ पाण्यात कालवून घोट घोट पाजत राहा. पाच दिवस ती आमच्याकडे राहिली. पोरगी रडायचीसुद्धा बंद झाली होती, नुसती छताकडे बघायची. आई तिला मांडीवर घेऊन चमच्या चमच्यानं पाजत बसे. मी सकाळी निघताना बघायची, दुपारी येऊन बघायची, आई तिथेच. पाचव्या दिवशी पोरीनं माझा चष्मा ओढला आणि आई उठून आंघोळीला गेली. मला आठवतं ते इतकंच. बाकी माझं डोकं काचांत होतं.

त्यानंतर आठवडाभरानं काचेत ती वेटोळी दिसली. नवी काच लावली होती. दाब वाढवत होते, हात सवयीनं चालला होता, आणि काळोखात वर डाव्या अंगाला एक पांढरा ठिपका लुकलुकला. धूळ असेल म्हटलं. धूळ चालायला लागली. तिच्यामागून दुसरी, तिसरी. घासलेल्या दिशेला बरोबर आडव्या, शिस्तीत, न भांडता. समोरून एक आली, दोघी एकमेकींत शिरल्या, क्षणभर एकच मोठा उजेड झाला, आणि मग दोघी आपापल्या वाटेनं निघून गेल्या, काही झालंच नाही अशा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पुसट झाल्या, म्हणून मला स्वतःचाच राग आला.

अण्णांनी डोळा लावला. पोलारिमीटरला लावत तसाच, दुसरा डोळा न मिटता. मग म्हणाले, "ह्या तर कण्या हायत. चालत्या कण्या." शास्त्रात त्यांना काय म्हणतात ते मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि आजही ते कण्याच म्हणतात. दुसऱ्या दिवशी आईला आणलं. ती स्टुलावर बसायला लाजली, पण बसली. काय चाललंय हे तिला सांगायचं म्हणजे माझी परीक्षाच होती. मी म्हटलं, आई, खरं तर आत काहीच चालत नाही. प्रत्येक रेणू जागच्या जागी आहे. तो वाकतो, शेजारच्याला वाकवतो आणि स्वतः सरळ होतो. पुढे जातं ते वाकणं. आई जरा विचार करून म्हणाली, "म्हंजी बाया जागच्या जागी, अन् घागर तेवढी पुढं." या विषयावर मी नंतर पुष्कळ वाचलं. यापेक्षा बरं कोणी सांगितलेलं माझ्या वाचनात नाही.

महिनाभर मी रोज कण्या पाहिल्या. मोजल्या, वेग टिपले, फोटो काढले. आधी दिसत नव्हत्या आणि आता का दिसतात याचं उत्तर मी माझ्यापुरतं काढलं होतं. घासायला माझा हात बसला. हाताचा गुण. मॅडमना फोन केला तेव्हा हेच सांगितलं, आणि तेही जरा तोऱ्यात.

आषाढात पाऊस झाला, फार नाही, पण टँकर थांबण्याइतका. मी विद्यापीठात परतले. घरून आणलेल्या काचांपैकी एकच प्रवासात धड राहिली होती. तिच्यात मॅडमनी कण्या पाहिल्या. दोन दिवस चालल्या, मग कडेच्या डिंकातून हवा शिरली आणि ती काच मेली. हरकत नाही म्हटलं, नवीन करू. नवीन केली. काळोख. दुसरी केली, दहावी केली. तोच द्रव, तीच मखमल, तोच हात, ज्याचा मी इतका तोरा मिरवला होता. काळोख. मॅडम माझ्यावर चिडल्या नाहीत, चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, "तू पाहिलंस, मीही पाहिलं. पण दोघींनी पाहिलं यावर प्रबंध होत नाही. घरी काय वेगळं होतं ते शोधून आण." मुदतीला महिना उरला होता.

शनिवारी मी केजला उतरले आणि जीपनं कॉलनीत. रात्रीच्या जेवणाची वाट न बघता अण्णांना समोर बसवून उलटतपासणी सुरू केली. काचेला कोणी हात लावला? खोलीत मळीची वाफ होती का? भट्टी पेटली होती का? अण्णा दुखावले. मी यंत्र पुसलं, तुझ्या सामानाकडे बघितलंसुद्धा नाही, म्हणाले. मी यादी वाचत गेले, ते नाही म्हणत गेले. शेवटी पाणी. पाणी तर इथून तिथून एकच, विद्यापीठातून आणलेलं, मी म्हटलं आणि त्यावर रेघ मारली.

आई भाकरी थापत होती. तव्यावरची उलटून ती म्हणाली, "त्यातलं मी घेतलतं."

तिनं भाकरी तव्यावरून काढली, फुगवली, टोपलीत ठेवली. "सुनीची पोरगी लई सुकलती. टँकरचं पाणी गढूळ. तू म्हणली हुतीस ना, तुझ्या डब्यातल्या पाण्यावाणी निर्मळ पाणी न्हाई म्हणून. मग मी तेच पाजलं. निम्म्याच्या वर लागलं. टँकर आला की परत भरून ठिवलं. तुरटी फिरवली, उकळलं, लुगड्याच्या चार पदरातनं तीनदा गाळलं. माप बरोबर केलं, बोटभर बी कमी न्हाई."

"मला सांगितलं कावून नाहीस?" माझ्या तोंडून घरचीच बोली आली.

"उसनं परत केल्यावर काय सांगायचं?"

मला राग आला. खोटं कशाला बोलू, फार राग आला. अडीच वर्षं काचेवर धुळीचा कण पडू नये म्हणून मी श्वास रोखून काम केलं आणि माझ्या आईनं माझ्या डब्यात टँकर ओतला. मी उठून दाराशी जाऊन उभी राहिले. कडुनिंब ओला होता. आणि तिथे उभं असताना राग हळूहळू दुसरीकडे वळायला लागला. कण्या दिसल्या त्या कधी? सुनीताताई गेल्यावर. म्हणजे डबा भरल्यावर. निर्मळ पाण्यानं धुतलेल्या काचांत अडीच वर्षं काळोख होता. तुरटी, क्षार, दुष्काळानं तळाला गेलेल्या विहिरीचं ते जड पाणी, त्यातलं काहीतरी काचेवर राहत होतं, द्रवात उतरत होतं, आणि त्या कणभर मिठाच्या आधारानं वीज त्या रेणूंना चालवत होती. मी ज्याला घाण म्हणून धुऊन टाकत होते, तेच हवं होतं. किती हवं, एवढाच प्रश्न होता. आणि पोरगी जगली होती. हा विचार माझ्या मनात दुसरा आला, पहिला नाही, याची मला अजून लाज वाटते.

पण ते पाणी आता कुठून आणायचं? टँकर थांबले होते, विहिरीत नवं पाणी आलं होतं. अण्णा म्हणाले, तसं पाणी आता पुढच्या दुष्काळालाच. ते चेष्टा करत नव्हते. आईनं हात धुतले, आत गेली आणि बाजेखालून डबा ओढत आणला. तळाशी चार बोटं पाणी होतं. मी निघताना जड होतो म्हणून मागे टाकून गेले होते. आईनं पाणी फेकणं शक्यच नव्हतं. "तुझं हाय ते," ती म्हणाली, "मी कशी सांडीन?"

ते पाणी बाटलीत भरून मी एसटीत मांडीवर धरून नेलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, तीर्थ हाय का? मी हो म्हटलं.

पुढचं काम सोपं नव्हतं, पण आंधळं राहिलं नाही. त्या पाण्यानं धुतलेल्या पहिल्याच काचेत कण्या चालल्या. मॅडमनी त्यातले क्षार मोजायला लावले. मग शुद्ध द्रवात चिमटीच्या चिमटीएवढं मीठ स्वतः घालून बघितलं. फार कमी घातलं तर काळोख, फार जास्त घातलं तर खळबळ, मधल्या एका अरुंद पट्ट्यात कण्या. प्रबंधाचं अख्खं प्रकरण त्या पट्ट्याचं आहे. कृती लिहिताना मॅडम म्हणाल्या, अशुद्ध पाणी एवढंच लिही. मी ऐकलं नाही. लिहिलं, दुष्काळातलं टँकरचं पाणी, तुरटी फिरवून, उकळून, सुती कापडाच्या चार पदरांतून तीनदा गाळलेलं. मॅडमनी ते वाचलं, लाल पेन उचललं, आणि पुन्हा ठेवलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले एक म्हातारे परीक्षक होते. त्यांनी नेमकं तेच पान उघडलं आणि विचारलं, कापड कोणतं? आईच्या जुन्या लुगड्याचं, मी सांगितलं. ते हसतील म्हणून मी तयार होते. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

आता अण्णा निवृत्त झाले. कॉलनी सोडून केजला दोन खोल्या बांधल्या. कारखाना अधूनमधून चालतो. सुनीताताईची पोरगी शाळेत जाते, गणितात बरी आहे आणि बोलण्यात फार पुढे. या सगळ्यातून मी काय शिकले असं विद्यार्थी विचारतात. मी त्यांना मिठाचं प्रमाण सांगते. बाकीचं सांगायला वर्गाचे तास पुरत नाहीत. कधीतरी संध्याकाळी कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकटीच असते तेव्हा एखादी काच लावून नुसती बघत बसते. जागा न सोडता पुढे जाणारं ते वाकणं. आईनं पोरीसाठी माझ्या डब्याकडे वाकून पाणी घेतलं, आणि माझ्यासाठी टँकरकडे वाकून ते भरलं. ती मात्र त्या चुलीपासून हलली नव्हती.

गेल्या रविवारी केजला गेले होते. तिकडेही टँकर सुरू झालाय. आई आता वाकत नाही, गुडघे धरतात, पण रांगेत उभी राहते. दुपारी बाजेखाली चप्पल शोधताना माझा हात गार प्लास्टिकला लागला. ओढून काढलं तर तोच डबा. काठोकाठ भरलेला, झाकणाला फडकं बांधलेलं. पाणी स्वच्छ दिसत होतं, तळाशी तुरटीनं बसवलेला बारीक गाळ.

"हे कावून भरून ठेवलंस?" मी विचारलं.

"दुष्काळाचं हाय," आई म्हणाली. "मागं तुला मिळत न्हवतं ना. लागलं तर असावं."

मी आता लागणारे क्षार मिलिग्रॅममध्ये तोलून घेते, टँकरची गरज सुटून वर्षं झाली, हे मी तिला सांगणार होते. तोंडाशी आलं होतं. त्याऐवजी पिशवीतली लिटरची बाटली काढली आणि डबा तिरपा धरून ती भरून घेतली. सोमवारी नवीन काच धुवायचीच होती.

मी झाकण लावत होते तेव्हा आईनं डब्यात बोट घालून पाणी किती उतरलं ते मापलं.

"उसनं हाय बरं का," ती म्हणाली. "परत आणून भर."